कामगारांची भाषा आणि फुकटचा दुभाषा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅनडात नोकरीसाठी जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी आपल्या दैनिकात जे मार्गदर्शनपर लेखन प्रसिद्ध होते, ते मी आस्थेने वाचते. त्यात व्हिसाचे प्रकार असतात, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण असतात, टोरांटो आणि व्हँकुव्हरमधल्या घरभाड्यांची चर्चा असते. भाषेचा विषय मात्र 'इंग्रजी चांगले हवे, फ्रेंच येत असेल तर अधिक गुण' एवढ्या एका वाक्यात उरकला जातो. अल्बर्टा प्रांताच्या दक्षिण भागात मी बरीच वर्षे कामगारांना इंग्रजी शिकवले आहे. तिथल्या लहान शहरांत प्रत्यक्ष काम ज्या भाषांत चालते त्यांचे चित्र या वाक्याहून फार निराळे आहे, आणि या बहुभाषिक कामाचा भार ज्यांच्या खांद्यावर पडतो त्या दोन-तीन भाषा जाणणाऱ्या कामगारांना त्याचा छदामही मिळत नाही. आपले मराठी तरुण नेमके याच कामगारांत मोडतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

उदाहरणादाखल ब्रूक्स हे एकच शहर घेते. कॅल्गरीहून ट्रान्स-कॅनडा महामार्गाने आग्नेयेला निघाले की सुमारे १८५ किलोमीटरवर ते लागते. २०२१च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १५ हजारांच्या किंचित आत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने कालवे काढून हा कोरडा माळ भिजवला. त्या काळातला तीन किलोमीटरहून अधिक लांबीचा काँक्रीटचा जलसेतू अजून शहराजवळ उभा आहे. पाण्यामागून चारा आला, चाऱ्यामागून गुरे, आणि गुरांमागून १९७०च्या दशकात मांसप्रक्रियेचा कारखाना. तेल आणि नैसर्गिक वायूच्या विहिरींचा धंदा त्याच्या जोडीला आहेच. १९९०च्या दशकात एका अमेरिकी कंपनीने हा कारखाना विकत घेऊन कितीतरी पटींनी वाढवला. पुढे त्याचे मालक अनेकदा बदलले आणि २०१३पासून तो जेबीएस या ब्राझीलच्या कंपनीकडे आहे. हा कारखाना आणि हाय रिव्हर गावाजवळचा कारगिल कंपनीचा मांसप्रक्रिया कारखाना, या दोहोंतून कॅनडातल्या गोमांसाचा निम्म्याहून बराच अधिक भाग तयार होतो. त्यासाठी हजारो हात लागतात, आणि ते हात आसपासच्या गावांतून मिळण्यासारखे नव्हते.

म्हणून आधी कॅनडाच्या अगदी पूर्व टोकाच्या न्यू फाउंडलंडहून माणसे आणली गेली. मासेमारी बुडाल्यामुळे तिथे बेकारी होती. त्यांच्या पाठोपाठ सुदान, सोमालिया, इथिओपिया, इरिट्रिया या देशांतून निर्वासित म्हणून आलेली माणसे कॅल्गरीसारख्या मोठ्या शहरांतून इकडे सरकली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तात्पुरत्या परवान्यावर फिलिपिन्समधून आणि इतर देशांतून भरती झाली, पुढे काँगो आणि बुरुंडीकडचे लोक आले. आता हे शहर स्वतःला 'शंभर नमस्कारांचे शहर' म्हणवून घेते. घोषवाक्य गोड आहे. पण नमस्कार करायला सगळ्यांनाच येतो, कामाचे बोलणे हा त्याच्या पुढचा प्रश्न आहे.

बाहेरच्या माणसाला वाटते की अशा शहरात सगळ्या भाषा सगळीकडे मिसळलेल्या असतील. प्रत्यक्षात तसे नसते. प्रत्येक धंद्याची स्वतःची भाषिक घडण असते. कोणाला कामावर घ्यायचे हे अनेकदा ओळखीवर ठरते आणि ओळख आपल्याच भाषेतल्या माणसांची असते, त्यामुळे ही घडण सहसा मोडत नाही. मांसप्रक्रियेच्या कारखान्यात टागालोग, सोमाली, अम्हारिक, तिग्रिन्या, अरबी, स्पॅनिश, स्वाहिली ऐकू येतात. फिलिपिनो म्हटला की तो टागालोगच बोलणार असे आपण धरून चालतो, पण घरची भाषा इलोकानो किंवा सेबुआनो असलेले त्यांच्यात पुष्कळ असतात आणि टागालोग ही त्यांच्यापुरती दुव्याची भाषा असते. दक्षिण सुदानचे डिंका आणि नुएर लोक आपापसात अरबीचा आधार घेतात, इथिओपियाच्या ओरोमो माणसाला अम्हारिक येते, काँगो आणि बुरुंडीचा माणूस स्वाहिलीत किंवा फ्रेंचमध्ये बोलतो. म्हणजे इंग्रजीपर्यंत पोहोचण्याआधीच दोन भाषांचा प्रवास झालेला असतो. घरी मराठी आणि बाहेर हिंदी वापरण्याची सवय असलेल्या आपल्याला हे लगेच उमगते. इंग्रजीखेरीज दुसरी भाषा न येणाऱ्या सुपरवायझरला मात्र ते कितीही वेळा समजावले तरी खरे वाटत नाही.

कारखान्याचे फाटक ओलांडून शेतीकडे वळले की भाषा बदलतात. दक्षिण अल्बर्टातल्या शेतांवर आणि गुरांच्या वाड्यांवर मेक्सिकोकडची स्पॅनिश ऐकू येते आणि तिच्या जोडीला प्लाउटडीच. प्लाउटडीच ही मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची सखल प्रदेशातली जर्मन बोली. या लोकांचे पूर्वज कॅनडातून मेक्सिकोत गेले होते आणि आताच्या पिढ्या कामासाठी परतल्या आहेत. दिसायला गोरे, कॅनडाशी पिढीजात नाते असलेले, तरीही इंग्रजी वाचता न येणारे कामगार त्यांच्यात भेटतात. 'परभाषिक कामगार म्हणजे सावळा परदेशी' हे समीकरण इथे गळून पडते. हटेराइट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या सामुदायिक वसाहतींत तर शेती, गोठा, सुतारकाम, वेल्डिंग असे सगळे काम त्यांच्या जर्मन बोलीतच चालते आणि इंग्रजी बाहेरच्या व्यवहारापुरती वापरली जाते. विशेष म्हणजे त्यांना कोणी दुभाषा लागत नाही, कारण मालक, मुकादम आणि कामकरी अशा तिघांचीही भाषा एकच आहे. भाषेचा प्रश्न खरोखर कुठे निर्माण होतो हे कळायला हा एवढा दाखला मला पुरेसा वाटतो. हुकूम देणारा आणि तो पाळणारा यांच्यामध्ये भाषेची भिंत असते तिथेच तो निर्माण होतो.

महामार्गावरच्या मालवाहतुकीत पंजाबीचे वर्चस्व आहे. गाडीचा मालक, गाड्यांची जुळवाजुळव करणारा डिस्पॅचर आणि ड्रायव्हर यांचे दिवसभराचे बोलणे पंजाबीत होते. वजनकाट्यावर, पोलिसांसमोर आणि सीमेवर मात्र इंग्रजी लागते. २०२५च्या जूनपासून अमेरिकेने इंग्रजी न येणाऱ्या व्यावसायिक ड्रायव्हरला गाडी चालवण्यापासून तिथल्या तिथे थांबवण्याचा नियम पुन्हा लागू केला. सीमेपलीकडे माल नेणाऱ्या कॅनडाच्या ड्रायव्हरांनाही तो लागू पडतो. कॉफीच्या दुकानांत आणि हॉटेलांत काउंटरवर इंग्रजी असते आणि काउंटरच्या मागे टागालोग, पंजाबी, हिंदी किंवा गुजराती. वृद्धांची सेवा करणाऱ्या केंद्रांत फिलिपिनो स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. तेलाच्या विहिरींवर आजही बहुतेक इंग्रजीच चालते, त्यामुळे तिथल्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

आता हे सगळे सरकारी आकड्यांत किती दिसते, ते पाहावे. कॅनडाच्या जनगणनेत दर चार घरांतल्या एका घराला सविस्तर प्रश्नावली दिली जाते. कामावर कोणती भाषा वापरता हा प्रश्न २००१पासून तिच्यात आहे. २०२१च्या उत्तरांनुसार देशातल्या शंभरातले अठ्ठ्याण्णवांहून अधिक कामगार कामावर मुख्यतः इंग्रजी किंवा फ्रेंच, अथवा त्या दोन्ही भाषा वापरतात. आकडा खोटा नाही, पण प्रश्न कामगाराला कसा ऐकू येतो ते लक्षात घ्यायला हवे. 'कामाची भाषा' म्हटले की त्याच्या डोळ्यांसमोर साहेबाची भाषा येते, भिंतीवरच्या पाट्यांची भाषा येते, पगाराच्या चिठ्ठीची भाषा येते. शेजारी उभ्या असलेल्या सोमाली सहकाऱ्याशी दिवसभर सोमालीत बोलून केलेले काम 'गप्पा' या सदरात जाते आणि सुपरवायझरच्या चार इंग्रजी शब्दांना 'काम' म्हटले जाते. माझ्या वर्गात या प्रश्नावर बोलणे निघाले की जवळजवळ सगळे 'इंग्रजी' असेच उत्तर देत. मग नव्या माणसाला काम कोणी शिकवले आणि कोणत्या भाषेत, असा दुसरा प्रश्न विचारला की उत्तर बदलत असे. जनगणनेने हा दुसरा प्रश्नही विचारावा आणि त्याची उत्तरे उद्योगवार प्रसिद्ध करावीत, असे माझे मत आहे.

कामगाराच्या बोटांचा आणि जिवाचा प्रश्न याच्याशी बांधलेला आहे, म्हणून एका प्रसंगाविषयी थोडे विस्ताराने लिहिते. दक्षिण अल्बर्टातल्या एका अन्नप्रक्रिया कारखान्यात नव्या तुकडीचे सुरक्षेचे प्रशिक्षण चालू होते. विषय होता यंत्राला कुलूप लावण्याचा. पट्टा किंवा कापणीयंत्र साफ करण्यापूर्वी त्याची वीज तोडायची, खटक्यावर स्वतःचे कुलूप लावायचे, त्यावर स्वतःच्या नावाची चिठ्ठी अडकवायची, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची आणि मग यंत्र खरोखर बंद आहे याची बटण दाबून खात्री करून घ्यायची, अशी ती पद्धत असते. पडद्यावर इंग्रजी चित्रफीत दाखवली गेली. ती संपल्यावर प्रशिक्षकाने 'सगळ्यांना समजले ना?' असे विचारले, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि कागदावर सह्या झाल्या. मागच्या रांगेतल्या एका इरिट्रियन स्त्रीने हलक्या आवाजात शेजारणीला तिग्रिन्यात काहीतरी विचारले. कुलूप नेमके कोणाचे, हा तिचा प्रश्न होता. सुपरवायझर कुलूप लावतो आणि आपण साफसफाई करायची, असा तिचा समज झाला होता, कारण चित्रफितीतला कुलूप लावणारा माणूस स्वच्छ टोपी घातलेला आणि साहेबासारखा दिसत होता. शेजारीण आधीच्या कारखान्यातून शिकून आलेली होती. तिने तिथल्या तिथे समजावले आणि पुढे बाकीच्या चौघींनाही तेच सांगितले. प्रशिक्षणाचा जो भाग खरोखर पोहोचला तो तिच्यामुळे पोहोचला. कंपनीच्या कागदपत्रांत तिचे नाव बाकीच्यांसारखेच 'प्रशिक्षण घेतले' या रकान्यात आहे.

कामाच्या जागी तर बोलणे आणखी अवघड. कानात आवाजरोधक बोळे, यंत्रांचा अखंड घरघराट, डाव्या हातात पोलादी जाळीचा मोजा आणि उजव्या हातात सुरी. तिथे भाषा हातवाऱ्यांचीच असते आणि ती लवकर शिकता येते. पण पट्ट्याचा वेग आज का वाढवला, आपण ओळीतल्या या जागेवरून त्या जागेवर का गेलो, दुखऱ्या मनगटाविषयी कोणाला सांगायचे, हे हातवाऱ्यांनी सांगता येत नाही. रसायनांच्या डब्यांवरच्या सुरक्षाचिठ्ठ्या कॅनडात कायद्याने इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांत असाव्या लागतात. देशाच्या राज्यघटनेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण ब्रूक्ससारख्या शहरात जंतुनाशक द्रावणाचा डबा ज्याच्या हातात असतो त्याला यातली एकही भाषा धड वाचता न येण्याची शक्यता बरीच असते. चिठ्ठीवरची लाल चौकटीतली चित्रे त्याला मदत करतात, पण द्रावण किती पाण्यात मिसळायचे हे चित्र सांगत नाही.

यावर कारखान्यांनी काढलेला तोडगा सगळीकडे सारखाच आहे. ओळीत उभा असलेला, बरे इंग्रजी बोलणारा कामगार हेरायचा आणि गरज पडेल तेव्हा त्याला बोलावून घ्यायचे. नवा माणूस आला, बोलवा त्याला. कोणाला ताकीद द्यायची आहे, कोणाची बोटे कापली, कोणी काम सोडतो म्हणतो, बोलवा त्याला. हा माणूस स्वतःचे काम टाकून जातो, परत येतो तेव्हा त्याच्या जागेचे काम साचलेले असते, आणि पगार मात्र शेजारच्या इतकाच असतो. माझ्या वर्गातला एक सोमाली तरुण चार भाषा बोलत असे. साहेब लोक त्याच्या पाठीवर थाप मारत, पण ती थाप बँकेत भरता येत नाही, असे तो हसत सांगायचा. एका माणसाला कामावरून काढल्याचे भाषांतर त्याला करावे लागले. तो माणूस त्याच्याच मशिदीत नमाजाला येणारा होता आणि पुढे कित्येक महिने त्याच्याशी बोलला नाही. निर्णय कंपनीचा होता, पण त्या माणसाच्या कानावर तो पडला सोमालीत, या तरुणाच्या तोंडून.

कॅनडाच्या सरकारला दोन भाषा येण्याची किंमत कळत नाही, असे मुळीच नाही. केंद्र सरकारच्या ज्या कर्मचाऱ्यांच्या पदाला इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही आवश्यक असतात आणि जे त्याची परीक्षा उत्तीर्ण होतात, त्यांना वर्षाला ८०० डॉलर द्विभाषिक भत्ता मिळतो. तो १९७०च्या दशकापासून चालू आहे आणि त्याची रक्कम आजवर तेवढीच राहिली आहे. ८०० डॉलर ही आज फार मोठी रक्कम नव्हे, आणि हा भत्ता असावा की नसावा यावर तिथे वाद होत असतात. तरीही भाषा जाणणे हे कौशल्य आहे आणि मालकाने ते वापरले तर त्याचे पैसे द्यावेत, हे तत्त्व त्या देशाने आपल्या कचेऱ्यांत केव्हाच मान्य केले आहे. तेच तत्त्व सुरी हातात घेऊन उभ्या असलेल्या आणि तिग्रिन्या व इंग्रजी दोन्ही जाणणाऱ्या कामगाराला का लागू होऊ नये, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कोणाकडून मिळालेले नाही.

अपघात झाल्यावर हे फुकटचे दुभाषेपण आणखी महागात पडते. अल्बर्टात कामावर झालेल्या दुखापतीची माहिती मालकाने ७२ तासांच्या आत कामगार नुकसानभरपाई मंडळाला कळवावी लागते. अर्जात दुखापत कशी झाली याचे वर्णन लिहायचे असते. कामगार आपल्या भाषेत सांगतो, सहकारी घाईघाईत त्याचे इंग्रजी करतो, आणि सुपरवायझर त्याला समजले तेवढे लिहितो. 'पट्टा अचानक सुरू झाला' आणि 'मी चालू पट्ट्यात हात घातला' या दोन वाक्यांत कामगाराच्या हक्काचा सगळा फरक सामावलेला आहे. मंडळाकडे दुभाषाची सोय असते, पण ती मागायची असते हे बहुतेकांना ठाऊक नसते, आणि तोवर कारखान्यातला पहिला कागद तयार झालेला असतो. तो सहकारी प्रामाणिक असला तरी साहेबासमोर उभा असतो, हेही विसरता येत नाही. क्वचित याच्या उलटही घडते. भाषेची किल्ली हातात असलेला माणूस आपल्या गावच्याला झुकते माप देतो किंवा ओव्हरटाइम कोणाला मिळावा यात आपली वर्णी लावून घेतो. मोबदला नाही, नेमणूक नाही आणि जबाबदारीही नाही, अशा कामात हे व्हायचेच.

२०२०च्या वसंतात या सगळ्याची परीक्षा झाली. हाय रिव्हरजवळच्या कारखान्यातल्या सुमारे दोन हजार कामगारांपैकी नऊशेहून अधिक जणांना कोविडची लागण झाली. तो कारखाना एप्रिलच्या अखेरीस दोन आठवडे बंद ठेवावा लागला. ब्रूक्समध्येही साथ झपाट्याने पसरली. एकाच गाडीतून कामावर जाणे, एका घरात अनेक कुटुंबे राहणे, घरातल्या एकाने कारखान्यात आणि दुसरीने वृद्धांच्या सेवाकेंद्रात काम करणे, अशी जगण्याची रीत असताना विलगीकरणाची इंग्रजी पत्रके कितीशी उपयोगी पडणार होती? पुढे पत्रकांची भाषांतरे झाली, पण छापील भाषांतर हा अर्धाच उपाय असतो. युद्धाने शाळा हिरावून घेतलेल्या पिढीतल्या पुष्कळांना डिंका किंवा सोमाली बोलता येते, वाचता येत नाही. खरी मदत झाली ती फोनवरच्या ध्वनिमुद्रित निरोपांची, चर्च आणि मशिदींच्या व्हॉट्सॲप गटांची आणि घरोघरी फोन करणाऱ्या स्वयंसेवकांची. हे स्वयंसेवकही बहुतांशी कामगारच होते.

या भागाला चुकलेल्या भाषांतराची आठवण जुनी आहे. कॅल्गरी आणि ब्रूक्स यांच्यामध्ये सिक्सिका या ब्लॅकफूट आदिवासी लोकांची राखीव भूमी लागते. १८७७ साली तिथल्या ब्लॅकफूट क्रॉसिंग या ठिकाणी ब्रिटनच्या राणीच्या प्रतिनिधींनी त्यांच्याशी 'करार क्रमांक सात' केला. इंग्रजी मजकुराप्रमाणे आदिवासींनी त्यात जमिनीवरचा हक्क सोडला. त्या लोकांतल्या ज्येष्ठांनी मात्र पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगितले आहे की आपल्या पूर्वजांना तो शांततेचा आणि जमीन वाटून घेण्याचा करार म्हणून समजावला गेला होता. त्या दिवशीचे दुभाषे त्या कामाला पुरे पडणारे नव्हते, हे इतिहासकारही नमूद करतात. एका कायदेशीर मजकुराच्या तोंडी भाषांतरावरून सुरू झालेला तो वाद अजून मिटलेला नाही.

'मग या लोकांनी इंग्रजी शिकावे, म्हणजे प्रश्नच मिटेल' असे आपले काही वाचक म्हणतील. शिकावे, हे मला मान्यच आहे; माझी उपजीविकाच त्यावर चालली. एका सामाईक भाषेशिवाय इतक्या जणांचा कारखाना सुरक्षित चालवता येत नाही, हा मालकांचा युक्तिवादही मी खोटा म्हणणार नाही. पण शिकण्याची वाट कशी आखलेली आहे तेही पाहावे. नवागतांसाठी केंद्र सरकारच्या खर्चाने चालणारे इंग्रजीचे मोफत वर्ग १९९२पासून आहेत आणि ते चांगले आहेत. ते कायम रहिवासाचा दर्जा मिळालेल्यांसाठी आणि निर्वासितांसाठी असतात. तात्पुरत्या परवान्यावर आलेल्या कामगाराला त्यांत प्रवेश नाही. तोच कामगार कायम रहिवासासाठी अर्ज करू लागला की त्याला इंग्रजीच्या परीक्षेत ठरावीक पातळी गाठावी लागते. मांसप्रक्रियेतल्या कामगारांसाठी २०२० ते २०२५ या काळात चाललेल्या कृषी-अन्न योजनेत बारापैकी चौथी पातळी मागितली जात होती. म्हणजे इंग्रजी आल्याशिवाय कायम होता येत नाही आणि कायम झाल्याशिवाय केंद्र सरकारच्या खर्चाने इंग्रजी शिकता येत नाही. परीक्षेचे शुल्कच तीनशे डॉलरांच्या घरात जाते. त्यात पाळी दुपारी तीनला सुरू होऊन मध्यरात्री संपणारी, आणि वर्ग संध्याकाळी सहाचा! माझ्या वर्गात पहिल्या आठवड्यात खुर्च्या कमी पडत आणि पाळ्या बदलल्या की निम्म्या रिकाम्या होत. त्यावरून कामगारांना शिकण्याची आस्था नाही असा निष्कर्ष काढणारे अधिकारी मी पाहिले आहेत.

संघटित झाल्यावर हेच बहुभाषिक कामगार काय करू शकतात, तेही ब्रूक्सने दाखवले आहे. २००५च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या मांसप्रक्रिया कारखान्यात कामगार संघटना आणि कंपनी यांच्यातल्या पहिल्या सामूहिक करारासाठी संप झाला. फाटकाबाहेर तीन आठवडे तणाव होता, शहर दुभंगले होते, आणि नोव्हेंबरच्या आरंभी करार झाला. इतक्या भाषांचे लोक एकत्र येणारच नाहीत, असे म्हणणाऱ्यांची तेव्हा पंचाईत झाली. ज्यांना रोज साहेबाचा निरोप कामगारांपर्यंत पोहोचवायला लावले जाई, त्यांनी या खेपेस कामगारांचे म्हणणे एकमेकांपर्यंत आणि संघटनेपर्यंत पोहोचवले. आता पुढच्या करारांत दुभाषेपणाचे कलम आणणे हे अशा संघटनांचे काम आहे. कोणत्या पाळीत कोणत्या भाषेचा दुभाषा आहे याची यादी फलकावर लावावी. त्या कामाच्या तासांना वेगळा दर द्यावा आणि त्या वेळेत त्याच्या जागी दुसरा माणूस उभा करावा. ताकीद, बडतर्फी आणि अपघात या तीन प्रसंगी सहकाऱ्याला मध्ये न घालता फोनवरून का होईना बाहेरचा व्यावसायिक दुभाषा बोलवावा. सुरक्षेचे प्रशिक्षण झाल्यावर नुसती सही न घेता प्रत्येकाकडून ते काम करवून पाहावे. ताशी काही सेंटांचा खर्च वाढेल. दिवसाला हजारो जनावरे हाताळणाऱ्या उद्योगाला तो जड नाही.

आता आपल्या तरुणांविषयी. मराठी मुलगा किंवा मुलगी अशा शहरात गेली की तिला इंग्रजी येत असते, हिंदी येत असते, आणि हिंदीच्या आधाराने पंजाबी व नेपाळी सहकाऱ्यांचे बोलणेही बरेचसे समजते. पहिल्याच महिन्यात कोणीतरी तिला 'जरा याला सांग' म्हणून बोलावतो. त्यात मान वाटतो, ओळखी होतात, आणि नव्या देशात आपण उपयोगी ठरलो याचे समाधानही असते. माणुसकीच्या नात्याने मदत अवश्य करावी, पण ते काम रोजचे होऊ लागले की तारखा आणि तास लिहून ठेवावेत, आणि नोकरीच्या कामांत त्याची लेखी नोंद करून घ्यावी. दुसऱ्याच्या अपघाताच्या किंवा बडतर्फीच्या कागदासाठी भाषांतर करण्याचे मात्र नम्रपणे नाकारावे. स्वतःला न समजलेल्या कागदावर सही करू नये, हे तर आलेच. धोक्याची माहिती मिळवण्याचा, सुरक्षेच्या निर्णयांत भाग घेण्याचा आणि धोकादायक काम नाकारण्याचा हक्क कॅनडातल्या प्रत्येक कामगाराला आहे, मग तो तात्पुरत्या परवान्यावर का असेना.

आपल्या मार्गदर्शनपर सदरासाठी एक विनंती आहे. यापुढे कॅनडातल्या एखाद्या लहान शहराची माहिती द्याल तेव्हा तिथल्या कोणत्या धंद्यात कोणत्या भाषेचे लोक आहेत, प्रशिक्षण कोणत्या भाषेत मिळते, कामगार संघटना आहे का आणि तात्पुरत्या परवान्यावरच्यांसाठी भाषेचा वर्ग कोण चालवतो, या चार गोष्टी घरभाड्याच्या आकड्याशेजारी छापाव्यात. नोकरी लावून देणाऱ्या दलालाला हेच चार प्रश्न विचारले, तर त्याच्या उत्तरांवरून त्याची लायकीही कळून येईल.

आपली विश्वासू,
एक वाचक
कॅल्गरी, अल्बर्टा (कॅनडा)